मूक मोर्चाची तालीम

मंगळवार संध्याकाळ, नाशिक

आज पक्षाच्या कार्यालयामागच्या मैदानात बायकांची तालीम घेतली. परवा कलेक्टर कचेरीवर मूक मोर्चा. सुरगाण्याकडच्या पाड्यावरची शाळा बंद करू नका, एवढंच मागणं. शांतता राखायचं काम अध्यक्षांनी माझ्यावर टाकलं, कारण मी कॉन्व्हेंटची. मीही खुशीत. शाळेत सिस्टर करायच्या तसंच सगळ्यांना उंचीप्रमाणे दोन-दोनच्या रांगेत उभं केलं, ओठांवर बोट ठेवायला लावलं. किती हसल्या!

त्या पाड्यावरून आलेली यमुना मात्र हसली नाही. तिच्या दोन्ही मुली त्याच शाळेत आहेत. म्हणाली, "ताई, घरात बी गप, शेतात बी गप. एवढ्या लांब येऊन बी गपच ऱ्हायचं, तं आमी घरीच बऱ्या होतो ना?"

मी शिस्तीबद्दल काहीतरी बोलले. काय, ते आठवतही नाही. तिनं ओठांवरून खाली घेतलेलं बोट तेवढं अजून दिसतंय.

शाळेतली ती शांतता मला आजही आवडते. पण ती आवडायला मला शाळा मिळाली होती. आणि मी कुणाला गप करत होते?

आत्ताच अध्यक्षांना फोन केला. "बायकांना घोषणा देऊ द्या. कुणी दगड उचलणार नाही."

"मॅडम, जबाबदारी कोण घेणार?"

"मी."

बोलून तर गेले. उभ्या आयुष्यात मी एकही घोषणा दिलेली नाही. उद्या यमुनाला म्हणेन, तू सांग, आम्ही मागून म्हणतो. माझा आवाज निघेल ना?