याडीच्या काळजातला बैल

बा, आपली याडी परवा तांड्याचा चढ एकटी चढून घरी आली, आणि मलाच बोलली की अजून चहा काहून ठेवला न्हाई. मी बाळापूरहून माहेरी आले होते. आधी हसले, मग चुलीपुढं बसून रडले. तुझ्या बायकोच्या शिव्या एवढ्या गोड लागतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात याच चढावर ती जरा चालली की दगडावर टेकायची. हिंगोलीच्या डॉक्टरांनी छाती ऐकली आणि मोठ्या शहरात पाठवलं. काळजातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप दगडासारखी कडक झाली होती. बदलली नाही तर ती फार दिवस काढणार नाही, आणि छाती उघडायची तर तेवढी ताकद तिच्यात नाही. पण जांघेतल्या नसेतून बारीक नळी सरकवून नवी झडप बसवता येते, असं तिथले डॉक्टर म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी सांगितलं, ही झडप बैलाच्या काळजावरच्या पातळ पडद्याची असते.

बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य वाहून जगलेली आपली माणसं. लहानपणी मावशीनं मला कातड्याची चप्पल दिली, ती तू उंबऱ्याबाहेर ठेवलीस. ज्यानं पोसलं त्याला पायाखाली घ्यायचं न्हाई, म्हणालास. मी तोंड फुगवून बसले, तर सेनगावच्या बाजारातून लाल रबरी चप्पल घेऊन आलास, ती पण एक माप मोठी. याडीनं तर तू गेल्यावरही तो नेम मोडलेला नाही. आता हिला हे कोणी सांगायचं? मी डॉक्टरांना म्हटलं, तिला बोलू नका. ते ऐकेनात. जीव तिचा आहे, विचारायचं तिलाच, म्हणाले.

त्यांनी सगळं नीट समजावलं. याडी पदराचं टोक बोटाला गुंडाळून राहिली. मला वाटलं, आता ही उठणार आणि सरळ गाडीत जाऊन बसणार. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. पण तिनं डॉक्टरांना विचारलं, बैल कामाचा होता का. ते कळत नसतं, म्हणाले. मग ती हळूच म्हणाली, "आमी त्याला पायात कधी घातलं न्हाई. काळजात ठेवायला काय हरकत हाय?" आणि कागदावर उठवायला अंगठा पुढं केला.

पूर्ण भूल दिली नव्हती. झडप बसवताना थोडा वेळ काळीज मुद्दाम जोरात पळवतात म्हणे. नेमकी तेव्हाच ती जिभेनं टक् टक् आवाज काढायला लागली. सिस्टर घाबरली, हिला गुदमरलं की काय. नंतर याडी तिलाच समजावून राहिली, नवा बैल हाय, पहिल्यांदा जुंपला की जरा बोलावं लागतं.

आता ती भाकरी खाते, लग्नांना जाते, सगळ्या तांड्याशी भांडते. पोळ्याला पहिली पुरणपोळी तिनं स्वतः खाल्ली, आतल्याचा मान म्हणून. तुझ्या सुना हसून हसून लोळल्या.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून खरं तेच लिहिते. तिला तुझ्याकडं यायला आता बराच उशीर होईल, बा. तू वाट पाहून राहिला असशील. खोटं काहून बोलू, मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटत नाही.