संस्थापिकेचं नाक आणि माझा त्याग

मंगळवार, २३ सप्टेंबर १९१३
हेदरकोट शाळा. संध्याकाळ.

आजपासून रोजनिशी. माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

‘गॉर्सक्लिफच्या मुली’ मालेतली सहाही पुस्तकं ट्रंकेच्या तळाशी घालून आणली, वर लोकरी मोजे. मेट्रनबाईंनी फक्त मोजे तपासले. सिसिली वेन पहिल्या पुस्तकात गॉर्सक्लिफला येते तेव्हा तीही तेरा वर्षांचीच असते. तिचे आईवडील सिलोनला असतात, माझे हाँगकाँगला, म्हणजे माझं जास्तच करुण आहे. सहाव्या पुस्तकात ती हेड गर्ल होते. माझं इथलं पहिलं वर्ष गोवरात वाया गेलं, नाहीतर एव्हाना बरंच काही झालं असतं.

या टर्मचे संकल्प: ज्युनियर हॉकी टीममध्ये जाणे. जिवाभावाची एक मैत्रीण करणे. एक मोठा त्याग करणे. त्यागाशिवाय एकही पुस्तक संपत नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

मैत्रीण मिळाली! ऑलिव्ह हार्बॉटल, माझ्या शेजारच्या कॉटवरची. नवीन आहे. फार बोलत नाही, हसली की नाक सुरकुततं. दुसऱ्या पुस्तकात सिसिली आणि तिची मैत्रीण केसांच्या रिबिनी बदलतात, म्हणून आम्हीही बदलल्या. तिची हिरवी माझ्या वेणीत, माझी तपकिरी तिच्या. तपकिरी आपल्याला शोभत नाही म्हणाली, पण घालीन म्हणाली. हाफ-टर्मच्या सुट्टीत मला घरी नेणार आहे. तिच्याकडे पोनी आहे, नाव बिस्किट. मागच्या सगळ्या सुट्ट्या मी शाळेतच काढल्या, कारण चेल्टनहॅमच्या आत्याला मुलांच्या आवाजाने अर्धशिशी होते. या वेळी नाही.

खलनायिकाही सापडली. बर्था कॉगन. वडिलांचं ब्रॅडफर्डला सॉसेजचं दुकान आहे, आणि कुणी विचारलं नाही तरी ही सांगते. अशा मुली पुढे काय करतात ते मला सहा पुस्तकांवरून ठाऊक आहे. लक्ष ठेवायचं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

हॉकीची निवड. कॅप्टनने मला रेषेच्या बाहेर उभं केलं आणि सगळ्यांचे कोट सांभाळायला दिले. मला राखून ठेवते आहे. सिसिलीलाही आधी ओळखलं नव्हतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर
चहानंतर.

पाऊस. मैदान बंद. बाकीच्या मुली शिवणाच्या खोलीत. मी एकटीने मोठ्या हॉलमध्ये सराव केला. हॉलमध्ये चेंडू मारायला मनाई आहे, पण ती उगाच खेळणाऱ्यांसाठी असावी. माझ्या चेंडूवर मी शाईने ‘सिसिली’ असं लिहिलं आहे, शुभ असतं म्हणून.

शेवटचा फटका अप्रतिम बसला. स्टिक खांद्याच्या वर न्यायची नसते, ती गेली. चेंडू दाराच्या वर कुठेतरी अंधारात दिसेनासा झाला. वरून ‘टक्’ असा आवाज आला. जुनी इमारत आहे, वाजतेच. कोपरा न् कोपरा शोधला, चेंडू नाही. तिसऱ्या पुस्तकात सिसिलीचाही चेंडू असाच कधीच सापडत नाही आणि कॅप्टन थक्क होते. इथे थक्क व्हायला कुणी नव्हतं, हे माझं नशीब. चहाची घंटा झाली तशी धावत सुटले. वेणी पार सुटली होती.

रविवार, १२ ऑक्टोबर

भयंकर घडलं आहे.

हॉलच्या दारावर, उंच फळीवर, आमच्या संस्थापिका लेडी हॉनोरिया यांचा प्लास्टरचा अर्धपुतळा आहे. सकाळी चॅपलला जायला रांग लावली आणि पहिल्याच मुलीने किंकाळी फोडली. लेडी हॉनोरियांना नाक नव्हतं. ते खाली चटईवर पडलं होतं.

मी रांगेत शेवटी. भिंतीच्या कडेला मला काय दिसावं? एक हिरवी रिबीन. ऑलिव्हची! माझ्या अंगावर काटा आला. पटकन उचलून बाहीत सारली. मान वर केली तर ऑलिव्ह माझ्याकडेच बघत होती, चेहरा पांढराफटक.

बिचारी. इतकी शांत मुलगी, आणि हातून हे. कसं केलं असेल? का केलं असेल? मी विचारणार नाही. सिसिली कधी विचारत नाही, ती समजून घेते.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आज मी त्याग केला.

आमच्या हेडमिस्ट्रेस मिस प्रॉथरो अशा वेळी कुणाची चौकशी करत नाहीत. इथे कुणी कुणाचं नाव सांगायचं नाही, जिने केलं तिने आपल्या इमानाला स्मरून उभं राहायचं, हीच हेदरकोटची रीत. एवढं सांगून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. बर्था कॉगनचं पोट गुरगुरलं. ऑलिव्ह माझ्या शेजारी, हात घट्ट आवळून. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही, केवढी विनवणी होती तिच्यात.

मी उभी राहिले. “मी केलं,” म्हणाले. आवाज छान लागला.

खरं बोलायला धैर्य लागतं, असं काहीसं मिस प्रॉथरो म्हणाल्या. ऐकताना मला आतून हसू येत होतं. शिक्षा: हाफ-टर्मपर्यंत हॉकी बंद, रोज मेट्रनबाईंजवळ बसून शाळेचे मोजे रफू करायचे. सुट्टीत ऑलिव्हकडे जायचं की नाही ते नंतर ठरेल. ऑलिव्हच्या डोळ्यांत पाणी होतं. कृतज्ञतेचं.

आता फक्त वाट पाहायची. शेवटून दुसऱ्या प्रकरणात खरी गुन्हेगार रडत पुढे येते, सगळ्या मुली नायिकेला खांद्यावर घेतात. सहाही पुस्तकांत असंच आहे. खांद्यावर घेतल्यावर पाय कुठे ठेवायचे ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

मोजे. मोजे. मोजे. आज माझ्या उशीखाली मनुकांचा बन निघाला. ऑलिव्हने ठेवलेला. मन खाऊ लागलं तिचं. बन मी खाल्ला.

शनिवार, १८ ऑक्टोबर

ऑलिव्ह विलक्षण चांगली वागते आहे. माझं फ्रेंच करून दिलं. मिलीएवढी (म्हणजे माझ्याएवढी!) धीट मुलगी आपण पाहिली नाही, असं सगळ्या डॉर्मसमोर म्हणाली. पण मुद्द्याचं अवाक्षर नाही!

दुपारी ती मिस प्रॉथरोंच्या खोलीत शिरली. झालं, आता सांगणार! मी बाहेर नेच्याच्या कुंडीआड उभी राहिले, चेहऱ्यावर क्षमेचे भाव तयार ठेवून. ती बाहेर आली, लालबुंद. आणि काहीच झालं नाही. ऐन वेळी कच खाल्ली. मी तिच्याकडे असं पाहिलं की त्यात सगळं यावं. तिने विचारलं, दाढ दुखते का.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

पुन्हा गेली. पुन्हा तेच. या वेळी तर हसत बाहेर आली आणि म्हणाली की हाफ-टर्मचं सगळं ठरलं, मी येणार हे तिने घरी कळवलं, बिस्किटला नवे नाल ठोकले.

म्हणजे मी तिच्यासाठी बदनाम व्हायचं आणि तिने मला पोनीवर बसवून गप्प करायचं! मी थंडपणे “बघू” म्हणाले. तिचं हसू मावळलं. मावळू दे.

विश्वासघात म्हणजे काय ते मला आज समजलं. छातीवर कुणी इस्त्री ठेवल्यासारखं वाटतं. मी हिला माझी रिबीन दिली, माझी सहाही पुस्तकं वाचायला दिली. शेवटून दुसरं प्रकरण तिने सहा वेळा वाचलं आहे. तरी हिला कळू नये?

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

संकल्प: ऑलिव्हशी संपूर्ण अबोला.

अडचण अशी की आज दिवसभर मी मोज्यांच्या ढिगात असल्यामुळे तिला अबोला कळलाच नाही. चहाच्या वेळी कळवला. बर्था म्हणाली, मिलीचं पोट बिघडलं असेल, तिला एरंडेल द्या. उशीखाली आज बन नव्हता. एवढ्यातच विसरली.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सहनशक्तीला मर्यादा असते. ती आज चहाच्या आधी संपली.

डॉर्ममध्ये सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. पुतळ्याचं नाक ऑलिव्हने फोडलं, मैत्रीण म्हणून मी ते अंगावर घेतलं, आणि ती दोन आठवडे भित्र्यासारखी माझी मजा बघते आहे. पाचव्या पुस्तकात पुरावा शेवटी काढतात, म्हणून बाहीतून हिरवी रिबीन काढून मी तिच्या पलंगावर टाकली.

मग बर्था, जिला कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणाली, “अगं, पण ही तर तूच घालत होतीस ना? ऑलिव्हच्या डोक्यात तुझी तपकिरी आहे की.”

सगळ्यांनी ऑलिव्हच्या डोक्याकडे बघितलं. तपकिरी होती. टर्मच्या पहिल्या आठवड्यापासून तपकिरीच होती.

यावरून काही सिद्ध होत नाही, असं मी म्हणाले. ऑलिव्ह उठून बाहेर गेली. अपराधी मन.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

नाक बसवायला गावातला सुतार आला. शिडी लावली. आम्ही सगळ्या प्रार्थनेसाठी हॉलमध्ये उभ्या होतो. त्याने लेडी हॉनोरियांच्या मानेमागे हात घातला आणि एक चेंडू काढला. उजेडात धरून, नीट वाचून, मोठ्याने विचारलं की सिसिली नावाची कुणी मुलगी आहे का इथे.

कुणीच नव्हती.

चेंडू तिथे जाण्याची अनेक कारणं असू शकतात.

रात्रीच्या प्रार्थनेआधी: नसू शकतात.

बुधवार, २९ ऑक्टोबर

मिस प्रॉथरोंनी बोलावलं नाही. बोलावणार कशाला? मी केलं, मी सांगितलं, मी शिक्षा भोगली. त्यांच्या हिशेबी प्रकरण कधीच मिटलं आहे. खरं पाहता कुणावरच अन्याय झालेला नाही. हेच ऑलिव्हला समजावायला बुटांच्या खोलीत गेले. ती चिखल खरवडत होती. मी म्हणाले, बघ, शेवटी सगळं ठीकच झालं.

तिने बूट खाली ठेवला. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, कारण दुसरं काही सुचत नाही.

“तूच केलंस ते मला तेव्हाच कळलं होतं गं. तू रिबीन बाहीत घातलीस ना, तेव्हाच. वाटलं, आता ही गप्प बसणार. मग तू उभी राहिलीस. मला रडूच आलं, मिली, इतका अभिमान वाटला तुझा. दोनदा मिस प्रॉथरोंकडे गेले, मिलीला माझ्या घरी येऊ द्या, ती खरं बोलली आहे म्हणून. आणि इतके दिवस तू मला गुन्हेगार ठरवून बसली होतीस. माझे बन खात.”

मला कसं कळणार, असं मी म्हणाले.

“विचारायचं,” ती म्हणाली.

मग तिने केसांतली तपकिरी रिबीन सोडली, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. रागाने दिली असती तर बरं झालं असतं.

आजवरच्या माझ्या आयुष्यात मी एकच शूर गोष्ट केली, आणि ती करताना मला पत्ताच नव्हता. सहा पुस्तकांनी मला दगा दिला. प्रकाशकांना कडक पत्र लिहिणार होते, पण लिहायचं काय ते ठरेना.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर
हाफ-टर्म.

सकाळी घोडागाड्या आल्या. ऑलिव्ह बर्थाला घेऊन गेली. बर्थाला सुट्टीत घरी जाता येत नाही, दुकानावर राहायची जागा एकच खोली आहे आणि भावाला डांग्या खोकला झाला आहे. हे ती कधी बोलली नव्हती. सॉसेजचं तेवढं सांगायची. मी मोजे रफू करायच्या लिनन रूमच्या खिडकीत होते. ऑलिव्हने वर बघितलं असं मला वाटलं. बहुतेक घोड्याकडे बघितलं असेल.

माझ्या कॉटवर बर्था आपल्या फ्रूट केकचा एक मोठा तुकडा ठेवून गेली आहे. खलनायिकेने असं करू नये, माणसाला काही सुधरत नाही.

संध्याकाळ.

शाळेत मी आणि मेट्रनबाई. वेळ जावा म्हणून पहिल्या पुस्तकापासून पुन्हा सगळी शेवटून दुसरी प्रकरणं काढून बसले. एक गोष्ट आजवर लक्षात आली नव्हती. प्रत्येक पुस्तकात एक मुलगी असते, जी सिसिलीवर नाही तो आळ घेते, सगळ्यांच्या देखत. पहिल्यात तिचं नाव मॉड, दुसऱ्यात आयरीन, पुढे आणखी काही. मी तिच्यासाठी कधी थांबलेच नव्हते. सत्य बाहेर येतं, सिसिलीला खांद्यावर घेतात, गाणी म्हणतात. त्या मुलीचं शेवटच्या प्रकरणात नावही येत नाही. तिची सुट्टी कशी गेली ते कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

थंड मटण होतं. मग राइस पुडिंग. मेट्रनबाईंनी विचारलं, अजून वाढू का. मी हो म्हणाले.