खुर्चीवर परत टाकलेली धूळ

११ मार्च, बुधवार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठ आता बरी असेल, आणि तरीही तू जड खुर्च्या एकटीच उचलत असशील. आई मजेत आहे. तिने नवा चष्मा केलाय आणि त्यातून तिला आपण दोघीही बारीक झालेल्या दिसतो, म्हणजे नंबर चुकलाय. आमच्या गॅलरीतला नळ अजून गळतोय. बाकी इकडे सगळं ठीक.

ठीक काही नाहीये. एवढं लिहून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. कुरिअरच्या दुकानातल्या बाकावर बसून लिहितेय. काउंटरवरच्या बाईंनी न मागता पाणी आणून दिलं, तेव्हा कळलं की आपला चेहरा बघण्यासारखा झालाय.

तुझ्यावरच्या त्या व्हिडिओनंतर आपण एकदाच बोललो. मी तो विषय पुन्हा उगाळणार नव्हते, पण क्रमाने मांडल्याशिवाय मला पुढचं सांगताच येणार नाही. तू जुनी खुर्ची झटकतानाचं चित्रीकरण बिघडलं, म्हणून पुन्हा केलंस आणि झटकलेली धूळ तिच्यावर परत टाकलीस. एवढाच तुझा गुन्हा. तोही तूच एका मुलाखतीत हसत हसत सांगितलेला. तुझ्यासारखंच जुनं फर्निचर दुरुस्त करून दाखवणाऱ्या त्या हातोडीवाल्याने तेवढंच उचललं, तुला खोटारडी ठरवलं आणि भांडण पेटलं. मग निवाडा करायला आमचे हे, म्हणजे तुझे भावजी बसले. त्यांचा धंदाच तो. व्हिडिओवाल्यांच्या भांडणात कोण चूक, कोण बरोबर, ते सांगायचं आणि दर दोन वाक्यांनी ‘मी कुणाच्याच बाजूचा नाही’ म्हणायचं. तू त्यांची मेहुणी आहेस, एवढं मात्र सांगायचं राहिलं.

‘जी आज खुर्चीवर धूळ टाकते, ती उद्या तुमच्या डोळ्यांत टाकेल,’ असं ते म्हणाले. हे वाक्य तुला पाठ असेल. मलाही आहे, कारण ते मी टाइप केलंय. त्यांच्या व्हिडिओखाली येणारी अक्षरं माझी असतात. मशीनने आपोआप टाकलेली मराठी वाचवत नाही, म्हणून हे काम लग्नापासून माझ्याकडे आहे.

आता गेल्या आठवड्याचं. तो हातोडीवाला पकडला गेला. त्याने कचऱ्यात सापडली म्हणून दाखवलेली खुर्ची विकतची निघाली, धडधाकट. विकणाऱ्याने तिचा फोटोच टाकला. पाय याने स्वतः मोडला होता, मग स्वतःच जोडून वाहवा घेतली. मला आनंद झाला, भिंगरी. खोटं कशाला बोलू, भाजी चिरता चिरता मी एकटीच हसत होते. वाटलं, मित्र असला तरी आता तुझे भावजी याची सालटी काढणार, लोकांसमोर काढावीच लागतील.

संध्याकाळी त्यांचं चित्रीकरण माझ्याकडे आलं. हेडफोन लावला आणि माझा विश्वासच बसेना. ‘कलावंताला थोडी मोकळीक द्यायला हवी,’ ते म्हणत होते. ‘दाखवायचं म्हटलं की थोडं करावंच लागतं. त्यावरून कुणाला आयुष्यातून उठवणार का?’ तेच टेबल, तोच गंभीर चेहरा, मधेच चष्मा काढून पुसायची तीच लकब. मी दोनदा मागे नेऊन ऐकलं. मग सगळं जसंच्या तसं टाइप केलं, कारण ते माझं काम आहे.

फक्त व्हिडिओला जोडताना भलतीच फाइल जोडली. दोन्ही फायलींना मी ‘खुर्ची’ एवढंच नाव दिलं होतं. हातोडीवाल्याच्या व्हिडिओखाली तुझ्या व्हिडिओची अक्षरं गेली. वर तुझे भावजी मोकळीक द्या म्हणतायत आणि खाली अक्षरं येतायत, आज खुर्चीवर धूळ, उद्या डोळ्यांत.

पुढचं ऐक. निम्मे लोक आवाज बंद करून बघतात, ऑफिसात, दवाखान्याच्या रांगेत. त्यांनी नुसतं वाचलं आणि भावजींना डोक्यावर घेतलं. मित्रालाही सोडलं नाही, याला म्हणतात माणूस, वगैरे. आणि हे त्या प्रतिक्रिया मला मोठ्याने वाचून दाखवत होते, खुशीत. एवढं कौतुक नेमकं कशाचं चाललंय, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. जेवताना हातोडीवाल्याचा फोन आला. तो इतका ओरडत होता की मला टेबलाच्या पलीकडे ऐकू येत होतं. तेव्हा कुठे यांनी स्वतःचा व्हिडिओ उघडून पाहिला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. नाहीतर धक्का बसल्याचे चेहरे ते हवे तेव्हा करतात, व्हिडिओवर लावायला तसे फोटो महिन्याचे एकदम काढून ठेवलेले असतात.

मग ज्यांनी आवाज लावून पाहिलं होतं तेही जागे झाले. दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून लोक हसू लागले. ज्यांनी तुला गेल्या महिन्यात शिव्या घातल्या, त्यांतलेच कितीतरी जण आता तुझी बाजू घेऊन यांना शिव्या घालतायत. भाषा तीच, नाव तेवढं बदललेलं. आणि अक्षरं टाकणारी ती कोण बाई, वाघीण आहे, असं माझं कौतुक चाललंय. तूही कदाचित तसंच समजली असशील. ताईने सूड घेतला, असं.

घेतला नाही गं. चूक होती ती, निव्वळ गबाळेपणा. मुद्दाम केलं असतं तर आज तुला मान वर करून लिहिलं असतं.

आता जे टाळत आले ते लिहिते. तुझ्यावरच्या व्हिडिओचं कच्चं चित्रीकरण माझ्याकडे आलं तेव्हा त्यात एक फोन होता. बोलता बोलता तुझे भावजी उठून खिडकीशी गेले, कॉलरचा माइक चालूच राहिला. पलीकडे हातोडीवाला होता. हे हसत म्हणाले, “अरे उद्या टाकतोय. नाही, नातं आत्ता नाही सांगत. ते पुढच्या व्हिडिओला ठेवलंय.”

तुझ्या बदनामीचे त्यांनी दोन भाग पाडले होते, आणि दुसरा भाग म्हणजे आपलं घर. हे मला व्हिडिओ येण्याच्या आदल्या दिवशी कळलं होतं, भिंगरी. मी काही बोलले नाही. तेवढा भाग सोडून उरलेलं टाइप केलं. दुसऱ्या दिवशी तू रडत फोन केलास आणि विचारलंस, “ताई, तुला माहीत होतं?” मी म्हणाले, मलाही आत्ताच कळतंय. तू लगेच विश्वास ठेवलास. उलट माझीच समजूत घातलीस, की तू नको भांडूस त्यांच्याशी.

तो दुसरा भाग आता येतोय. काल सकाळी त्यांना मार्ग सुचला. म्हणे लोकांना सांगायचं, अक्षरांची अदलाबदल आम्ही मुद्दाम केली, प्रेक्षक किती पक्षपाती असतात हे दाखवायला. प्रयोग होता. शिवाय ज्या मुलीवर मी टीका केली ती माझी सख्खी मेहुणी, म्हणजे मी घरच्यांनाही सोडत नाही. मी काय बोलायचं ते त्यांनी लिहूनही ठेवलंय. शेवटी तू फोनवर येऊन ‘भावजी, तुमचं बरोबर होतं’ म्हणायचं. व्हिडिओवर लावायचा फोटो तयार आहे. डावीकडे ते डोळे पुसतायत आणि उजवीकडे तुझ्या चेहऱ्यासाठी जागा मोकळी सोडलीय.

मी नाही म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कधी आवाज चढवला नव्हता. काल चढला. म्हणाले, तिने काय केलं होतं, धूळ टाकली होती, तुम्ही तिला उघडं पाडलंत आणि मी तुमच्यासाठी तिच्याशी खोटं बोलले. मला रडू आवरेना. सगळं बोलून गेले, त्या फोनबद्दल, तू विचारलंस त्याबद्दल, सगळं. शेवटी ‘भिंगरी, मला माफ कर’ असंही तोंडातून निघालं. ते सगळं ऐकून घेत होते. मला वाटलं, लागलं मनाला. डोळे पुसून वर बघितलं तर हातात मोबाइल, माझ्याकडे रोखलेला.

“थांब,” तो म्हणाला. “खिडकीकडे तोंड कर. मघाचं शेवटचं परत म्हण.”

भिंगरी, मी कुठल्या माणसाबरोबर राहत होते? कालपासून हेच डोक्यात घुमतंय. मी बॅग भरून आईकडे आलेय. आईला अजून काही सांगितलेलं नाही, तिला वाटतंय नळाचं काम निघालंय.

व्हिडिओ रविवारी येणार. पत्र उद्या पोचेल असं या बाई म्हणतायत. मी तुझ्याशी खोटं बोलले हे तुला माझ्याकडून कळावं, त्याच्या व्हिडिओतून नाही, एवढ्यासाठी हा खटाटोप. माफी मागत नाही. ती माझ्याकडून कालच मागून झाली, कॅमेऱ्यासमोर, मला न कळता, आणि ती आता त्याच्याकडे आहे. ती तू पाहिलीस तर पाहा. त्यातलं रडणं खरं आहे. खालची अक्षरं मात्र माझी नसतील.

तुझी,
तुला फसवलेली
ताई