राणीच्या छातीशी नाग

प्रिय राजूदादा,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र दयानंदच्या गाडीबरोबर हिंजवडीला धाडतेय. निवांत वाच. तुझ्या जमिनीच्या कागदाचं उत्तर यातच आहे, पण आधी घरची हकिकत.

आपल्या मागच्या खोलीत मृण्मयी भाड्याने राहते ना, चित्रं काढणारी, तिने मला समोर बसवून एक राणी रंगवली. मिसरची, म्हणजे इजिप्तची, फार जुन्या काळची. तिचं राज्य बुडालं आणि जिंकणारा तिला साखळदंड घालून आपल्या शहरात मिरवणार होता. त्यापेक्षा तिने अंजिरांच्या पाटीतून नाग मागवला आणि छातीशी धरला. चित्रात सगळं जांभळं-काळं आहे, मागे आपल्या धरणाचं पाणी, त्यात बुडालेला चंद्र. राणीचं नाक मात्र थेट माझं, म्हणजे आबांकडून आलेलं. मरतानाही एवढं मोठं नाक! मी हसले, तर मृण्मयी रागावली.

चित्र वाळायच्या आत आईने ते पाहिलं. राणी मरतेय हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. तिला दिसला तो नागोबा. आत गेली, हळद-कुंकू घेऊन आली आणि ओल्या रंगावरच नागाच्या फण्याला बोटं टेकवली. मृण्मयीने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, अगं आई, डसतोय तो तिला. तर म्हणाली, “येडी का खुळी तू? भाऊ हाय त्यो तिचा. भाऊ कुटं बहिणीला डसतोय व्हय?” मृण्मयीने ते कुंकू पुसलं नाही. मी मात्र गोठ्यात जाऊन रडले.

लहानपणी नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी तुझ्यासाठी भावाचा उपवास धरायचे आणि तू मुद्दाम माझ्यासमोर बसून कालवण-भाकरी हाणायचास. पंचमीला आबा विळे-कोयते माळ्यावर टाकायचे, जमिनीला खुरप्याचं टोकही लागू द्यायचे नाहीत. आणि यंदा नेमका त्याच दिवशी तू मोजणीवाले आणून आपल्या भातखाचरात खुंट्या ठोकणार! शहरात राहून सण विसरलास, चालतं. पण आईला सांगितलंस, बांधाचा वाद मिटवायला मोजणी आहे. आणि मला म्हणालास, रिसॉर्टवाल्याशी ठरलंय, तू सही कर आणि तिचा अंगठा गोडीगुलाबीने घेऊन ठेव. हे मात्र चालणार नाही.

तेव्हा ऐक. मी सही करणार नाही. आईचा अंगठाही घेऊन देणार नाही. घर राहील, खाचर राहील. भाड्याच्या खोल्यांचं मी बघते, भात मी लावते. तू कोर्टात गेलास तर तिथेही येईन, छातीशी नाग धरून पडून राहणारी मी नव्हे. उपवास मात्र यंदाही धरणार आहे. पंचमीला मोजणीवाल्यांना सोडून एकटा ये. पुरणाची दिंडं उकडते, वर तूप तुला हवं तेवढं. चित्र आईने मागून घेऊन देव्हाऱ्याशेजारी लावलंय. तिला अजूनही वाटतं, राणीने भावाला कुशीत घेतलंय. तिचा हा समज मी मोडणार नाही. तूही मोडू नकोस.

तुझीच,
सायली