दहा विड्यांचा वेळ

आई,

काल वॉर्डात एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आली. आकडी किती वेळ होती, असं मी विचारलं तर म्हणाली, "लई येळ." घाबरलेल्या आईला तेवढंच सांगता येतं. मला तू आठवलीस आणि माझी छाती उगाच फुगली.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. दीड वर्षाची धाकटी तापात तुझ्याशेजारी निजलेली, तुझ्या मांडीवर विड्या वळायचं तंबाखूचं सूप. एकाएकी तिचे डोळे फिरतात, हातपाय झटके देतात. तू सूप सारून तिला कुशीवर घेतेस. झटके थांबतात, पोर मलूल पडते, तू मान वर करतेस, तर चुलीपाशी आत्या, हातात तापून लाल झालेला विळा. पोटावर डाग दिला की आकडी जाते, असं गल्लीत सगळेच मानायचे. "वन्सं, माझ्या पोरीला हात लावायचा न्हाय!" तू ओरडलीस. एरवी तिच्यापुढं तुझा आवाजही निघत नसे.

धाकटीला खांद्यावर टाकून तू दवाखाना गाठलास, मी मागून पळत. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ? आपल्याकडं घड्याळ कुठलं! तू म्हणालीस, "चार इड्या वळून व्हतील की, तेवढा येळ."

डॉक्टर हसले नाहीत. "म्हणजे दोनेक मिनिटं."

"परत येऊ नये म्हनून काय करू?"

"ताप आला की पुन्हा येऊ शकते, बाई. मोठी झाली की बहुतेक जाईल. कुशीवर ठेवा, तोंडात काही घालू नका. दहा विड्यांपुढं गेली तर मात्र पळत या."

हे तू गल्लीभर शिकवत सुटलीस. धाकटीला पुढं दोनदा आकडी आली. दोन्ही वेळा तू उशाशी बसून, पान-तंबाखू नसताना, नुसती बोटं वळवत मोजत होतीस. नंतर आलीच नाही. तिच्या पोटावर आज एकही डाग नाही. मी नर्स झाले ती तुझी ती बोटं बघून, हे मी सगळ्यांना सांगते.

एक मात्र कुणालाच सांगितलं नाही. आत्याशी तू शेवटपर्यंत धड बोलली नाहीस. आई, तिनं विळा तापवलाच नव्हता. आकडी आली म्हणून शेजारच्या लेकराला डागताना मी पाहिलं होतं, म्हणून तो चुलीत मीच खुपसला. ती तो नुसता बाहेर काढत होती. तिनं माझं नाव कधी घेतलं नाही. मीही नाही.