दांडीखालून पाय

आणि आजोबा, मी सायकल विकायला सांगितली होती, रंगवायला नाही! त्यात लाल! (शिरसाष्टांग नमस्कार वर लिहायचा राहिला, तो इथे घ्या. तब्येत विचारणार होतो, पण गुडघ्याला टाके पडल्याचं आत्यानं कळवलंय, तेव्हा तोही प्रश्न मिटला. मी बरा आहे.)

आत्या लिहिते, पाय वर जात नाही म्हणून तुम्ही लहानपणासारखा दांडीखालून पाय घालून, एका बाजूला लोंबकळत, अर्धं पॅडल मारत उतारावरून निघालात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! मागे शाळेची पोरं धावतायत, आणि तुम्ही घंटी वाजवायची सोडून गाणं म्हणताय. पुढे शिंप्याचं दुकान. शिंपीकाका दारात गिऱ्हाईकाचं माप घेत होते, ते गिऱ्हाईक तुम्ही सायकलसकट आत नेलंत. काका म्हणे म्हणाले, "या, बसा." आणि तुम्ही पडल्या पडल्या काय म्हणालात? "ब्रेक तेव्हाही लागत नव्हता!" वर आत्यालाच ऐकवता, म्हातारपण पायाला आलंय, हँडलला नाही.

तुमची ती भाड्याची सायकल, दोघा भावांत मिळून एक तास, आणि तुमच्या धाकट्या भावाला त्याचा अर्धा तास कधीच मिळाला नाही, हे मी हजारदा ऐकलंय. (दर वेळी गोष्टीतला उतार वाढतो. आता त्याचा डोंगर झालाय.) आत्या म्हणते, बाबांना समजाव, नाहीतर सायकल भंगारात घालते. तुम्ही कळवता, सायकल गेली तर मी खुर्चीत बसेन तो उठायचा नाही. म्हणजे मधल्या मध्ये मी! चौथी नापास माणसाला कोणी न्यायाधीश करतं का?

इथलं सांगतो. तीन नोकऱ्या सोडून मी आता वृद्धाश्रमात लागलोय. चादरी बदलतो, अंघोळी घालतो. सगळे ओळीनं खुर्चीत बसून आपापलं लहानपण सांगतात, आणि कोणीच कोणाचं ऐकत नाही. मी ऐकतो. ऐकून ऐकून मीच खाली बसताना "आई गं" म्हणायला लागलोय. एक मास्तर आहेत, ते रोज मागे लागायचे, माझी चाकाची खुर्ची जोरात ढकल. काल ढकलली. लांबलचक व्हरांडा, मास्तर दोन्ही हात वर करून ओरडतायत, आणि टोकाला आमच्या मोठ्या बाई चहाचा पेला घेऊन उभ्या. चहा कुठे गेला ते विचारू नका. माझा अर्ध्या दिवसाचा पगार गेला. मास्तर मात्र कित्येक दिवसांनी पोटभर जेवले आणि वर मागून जेवले.

तरी माझं म्हणणं एकच, सायकल विका. वयाला शोभेल असं वागा. आत्याचं ऐका.

आपला नातू

ता. क. इथपर्यंतचं आत्याला मोठ्यानं वाचून दाखवा.

आणखी एक ता. क. (हे वाचू नका, म्हणजे मनात वाचा.) लाल सायकल खरंच विका आणि दांडी नसलेली घ्या, बायका चालवतात ती. पाय उचलावाच लागत नाही. लाज वाटली तर आत्यासाठी घेतली म्हणा. तिला चालवता येत नाही, म्हणजे तिची सगळी कामं करायला सायकलवरून तुम्हालाच जावं लागणार. विकून येतील त्यात घालायला दोन हजार सहाशे पाठवतोय.