अठ्ठ्याऐंशी पौंडांचे बोल्ट

मी, रूबी मॅक्लर्नन, वय ७४, अविवाहित, धंदा शर्यतीच्या मोटरसायकलींची इंजिने बांधणे, राहणार किलड्रेन, काउंटी अँट्रिम, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांनी फुप्फुसांबद्दल जे सांगितले ते मला नीट कळले आहे. डोके ठिकाणावर आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी खरे लिहिले नव्हते.

१. राहते घर व मागची जमीन भाचा अ‍ॅलिस्टर यास द्यावी. कार्यशाळेची किल्ली मात्र कलम ५ पुरे होईपर्यंत वकीलबाईंकडेच राहील. अ‍ॅलिस्टर, तुझ्यावर अविश्वास नाही. तूच तो डाग पाहिलास म्हणून म्हणते.

२. माझी सर्व हत्यारे, मोजमापाची उपकरणे व बोल्ट मापात आवळायचे दोन्ही पाने जवळच्या तंत्रशाळेस द्यावेत. प्रथम मुलींना वापरू द्यावेत. मी शिकायला गेले तेव्हा मला झाडू दिला होता.

३. कोळशाचे व्यापारी क्रॉफर्ड लीच यांना काहीही देऊ नये. कलमात कारण लिहावे लागत नाही असे वकीलबाई म्हणतात. मला लिहायचे आहे.

१९९८ साली डर्मट क्विग लीचसाहेबांच्या पैशांवर रस्त्यावरच्या शर्यतीत उतरत असे. सहाशे सीसी, चार सिलिंडर. जुलैच्या सुरुवातीला मी इंजिन खोलले, तर ते थकलेले. मी लीचसाहेबांना सांगितले, "नवं इंजिन साडेचार हजार. हेच पुन्हा बांधायचं तर एकोणीसशे. त्याखाली मी हात लावणार नाही."

"पंधराशे," ते म्हणाले. "नाहीतर डर्मटला सांग, यंदा घरी बस आणि बटाटे सोल."

डर्मट बाहेर उभा राहून ऐकत होता. त्याने माझ्याकडे ज्या डोळ्यांनी पाहिले ते पाहून मी हो म्हटले. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे नवी घातली. चारशे पौंड कुठून काढायचे? बहुतेक माझ्या मजुरीतून काढले. अठ्ठ्याऐंशी उरले. कनेक्टिंग रॉडचे, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी, क्रँकशी, जोडणाऱ्या सळ्यांचे आठ बोल्ट, अकरा पौंडांना एक. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा भरवशाचा राहत नाही, हे मी जन्मभर दुसऱ्यांना सांगत आले. जुनेच आठ पुसून पुन्हा आवळले.

इंजिन न्यायला आला तेव्हा डर्मटने विचारले, "सगळं नवं घातलंस ना गं, रूबी?"

"सगळं," मी म्हटले.

लीचसाहेबांचा कंजूषपणा त्यांचा. "सगळं" हा शब्द माझा.

४. पुढील मजकूर कबुलीजबाब समजावा.

१ ऑगस्टला, तिसऱ्या फेरीत, चर्चनंतरच्या सरळ रस्त्यावर रॉड तुटून इंजिन फोडून बाहेर आला, मागचे चाक जाम झाले आणि डर्मट दगडी कुंपणावर गेला. वय एकतीस. त्याची मुलगी क्लोडा तीन वर्षांची होती. तपासणी करणारे येण्याआधी मी तुटलेला बोल्ट काढून घेतला आणि त्यांना सांगितले, गियर टाकताना चुकला असावा, इंजिन मर्यादेबाहेर फिरले. तसेच लिहिले गेले. त्याची बायको ऊना वीस वर्षे गावात ऐकत आली, की नवऱ्याने स्वतःच्या चुकीने जीव घालवला.

इंजिन मी ठेवून घेतले. आतले तेल काढले, वर ताडपत्री टाकली. वाकलेला रॉड क्रँकमध्ये अडकलेला. लांब पाइप लावून दोन माणसांनी जोर केला तरी हलले नाही. पण दर वर्षी शर्यतीच्या शनिवारी खाली तेलाचा ताजा डाग पडतो. अ‍ॅलिस्टरने एकदा बोट लावून पाहिले. "आत्या, हे कोमट आहे गं," तो म्हणाला, आणि त्यानंतर तो आत आला नाही. मी दर वर्षी पुसत आले. माणसाला कशाचीही सवय होते.

यंदा शर्यतीच्या सकाळी क्लोडा आली. तेवीस वर्षांची, बापासारखीच डाव्या खांद्याने दार ढकलणारी.

"रूबीमावशी, बाबांचं इंजिन बांधून दे. जुन्या गाड्यांच्या वर्गात त्यावरच उतरायचंय. किती लागतील ते सांग, मी दोन नोकऱ्या करते."

"ते मेलेलं आहे, पोरी. फिरतसुद्धा नाही."

तिने ताडपत्री काढली, क्रँकच्या टोकाला पाना लावला आणि फिरवला. एका हाताने. इंजिन फिरले. पूर्ण दोन फेरे, ना खरखर ना अडथळा. फुटलेल्या भोकातून मला वाकलेला रॉड दिसत होता; तो जिथे अडकला होता तिथेच होता.

"मोकळंच तर आहे!" ती हसून म्हणाली. "तू मला घाबरवत होतीस होय?"

तिच्या हातातून मी पाना घेतला. माझ्या हाताखाली ते तसूभरही हलले नाही. तिने पुन्हा लावला, फिरले. मी लावला, दगड. तिसऱ्या खेपेला तिचे हसू गेले. माझ्या चेहऱ्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "मावशी, तू काय केलंयस?"

मी "चहा टाकते" म्हटले. चहा होईतो ती निघून गेली होती.

५. माझ्या बचतीतून शर्यतीचे संपूर्ण नवे इंजिन क्लोडा क्विग हिच्या नावे मागवले असून ११,४०० पौंड भरले आहेत. पावती सोबत. जुने इंजिनही तिचेच. तिने ते बांधू नये अशी विनंती आहे. हुकूम करण्याचा अधिकार मला नाही. तुटलेला बोल्ट वकीलबाईंकडे पाकिटात आहे. तो व कलम ४ ची प्रत तपास झाला होता त्या कार्यालयात द्यावी, म्हणजे डर्मटच्या नावापुढची चूक खोडली जाईल. उरलेली बचत ऊनाला. तिने नाकारल्यास कोणी आग्रह करू नये.

६. आमच्याकडे मृत्युपत्र माणूस पुरल्यावर वाचतात. माझे आधी वाचावे, ऊनाच्या स्वयंपाकघरात, क्लोडाच्या देखत, कलम चार सावकाश. शवपेटीचा पहिला खांदा त्या दोघींचा, असे गावाने गृहीत धरले आहे. त्यांच्या घरी मी वीस नाताळ जेवले. वाचून झाल्यावर त्या खांदा द्यायला उठल्या तर उठल्या. दार लावून घेतले तर अ‍ॅलिस्टर, दार वाजवू नकोस. भाड्याची माणसे घे आणि मला ने.

ठिकाण: किलड्रेन. दिनांक: ९ नोव्हेंबर २०१८.

सही: रूबी मॅक्लर्नन

आम्हा दोघांसमोर तिने सही केली, आणि तिच्यासमोर आम्ही:
१. इसोबेल टॅगर्ट, वकील
२. हर्बर्ट नीसन, टपालवाला (मजकूर वाचलेला नाही, फक्त सही करताना पाहिले)